रानात भरवशाची रायफल कोणती?

शनिवारी रात्री हॉलमध्ये सिनेमा होता. छोटे विमान बर्फाळ जंगलात कोसळते आणि वाचलेली माणसे मदत येईपर्यंत कशीबशी तग धरतात, अशी गोष्ट. 'लाइट्स आउट' झाल्यावर आमच्या डॉर्मिटरीत वाद पेटला. प्रश्न एकच होता : जंगलात एकटा अडकलास आणि एकच रायफल जवळ ठेवता येणार असेल, तर कोणती ठेवशील? एकाने एके-४७ म्हटले. दुसऱ्याला दुर्बीण लावलेली स्नायपर हवी होती. तिसऱ्याने तर लाइट मशीनगन मागितली. शेवटी माझ्या शेजारच्या पलंगावरचा गढवाली मित्र अंधारातून म्हणाला, "जो चले, वही।" सगळे हसले.

मला हसू आले नाही. त्याच आठवड्यात रेंजवर माझी रायफल चालली नव्हती, आणि त्यापायी फायरिंग टीममधली माझी जागा गेली होती. ती हकीकत पुढे सांगतोच. पण त्या रात्रीपासून हा प्रश्न डोक्यातून जाईना. लायब्ररीत जे मिळाले ते वाचले, उस्तादांना विचारून विचारून त्रास दिला, आणि सुट्टीत गावी गेल्यावर आजोबांशी बोललो. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले आहेत. या सगळ्यातून जे समजले ते मराठी पानासाठी लिहितो आहे.

आधी कायदा

आई-बाबा हा अंक वाचतात, म्हणून हे पहिल्यांदा लिहितो. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. प्राणी अंगावर आला आणि जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने त्याला मारावे लागले, तर कायदा त्याला गुन्हा धरत नाही. पण पोटासाठी ससा मारणे हा आपल्याकडे गुन्हाच आहे. बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत तो मिळत नाही. आम्ही कॅडेट रायफल हाताळतो ती फक्त प्रशिक्षणात, कोतमधून सही करून घेतलेली आणि उस्तादांच्या नजरेखाली.

म्हणजे 'रानात जगण्यासाठी रायफल' हा विषय मुळात आपल्या सह्याद्रीचा नाही. तो अलास्का, उत्तर कॅनडा, सायबेरिया अशा मुलखांचा आहे, जिथे शेकडो किलोमीटर वस्ती नसते आणि विमान पडले तर शोधपथकाला पोहोचायला दिवस लागतात. तिथल्या लोकांनी आणि तिथून उडणाऱ्या वैमानिकांनी या प्रश्नाचा खरोखर विचार केला. म्हणून उदाहरणे तिथलीच घेतली आहेत. आपण ती शिकण्यासाठी वाचायची.

त्या रायफलीचे काम काय?

डॉर्मिटरीत आम्ही सगळे चुकलो ते इथेच. आम्ही लढाईची रायफल निवडत होतो. पण रानात अडकलेल्या माणसाला लढायचे नसते. त्याला ससा, खार, रानकोंबडीएवढा पक्षी अशी छोटी शिकार करून काही दिवस काढायचे असतात. जड रायफलीच्या गोळीने सशाचे खाण्यासारखे फारसे काही उरत नाही. शिवाय ते ओझे दिवसभर खांद्यावर वागवायचे असते, तेही उपाशी पोटी.

म्हणून अशा कामासाठी जगभर पहिले नाव येते ते .२२ लाँग रायफल या काडतुसाचे. आम्ही एनसीसीत जिला 'पॉइंट टू-टू' म्हणतो, तिचेच हे काडतूस. १८८७ पासून ते बनते आहे. गोळीचे वजन साधारण ४० ग्रेन, म्हणजे २.६ ग्रॅम. अख्खे काडतूस साडेतीन ग्रॅमच्या आसपास.

आता हिशेब करा. .२२ ची १०० काडतुसे सुमारे ३५० ग्रॅम भरतात, म्हणजे पाण्याच्या छोट्या बाटलीपेक्षाही कमी. ७.६२ मिलिमीटरच्या मोठ्या रायफलीची १०० काडतुसे अडीच किलोच्या जवळ जातात. बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीची १०० काडतुसे साडेचार-पाच किलो होतात. ज्याला पाठीवर सगळा संसार घेऊन चालायचे आहे, त्याला हा फरक लगेच कळतो. .२२ चा धक्का जवळजवळ लागत नाही, आवाज कमी, आणि काडतूस स्वस्त असल्यामुळे सराव भरपूर करता येतो. हा शेवटचा मुद्दा मला आधी क्षुल्लक वाटला होता. आता तोच सगळ्यात मोठा वाटतो.

तोटेही लिहायला हवेत. या गोळीची ताकद साधारण दीडशे ज्यूल. ७.६२ ची तीन हजार ज्यूलच्या वर. अस्वल किंवा रेनडिअरसारख्या मोठ्या प्राण्यासाठी .२२ नाही. ५० मीटरवर नेम जुळवलेली .२२ ची गोळी १०० मीटरवर पंधरा ते वीस सेंटीमीटर खाली पडते. म्हणजे भरवशाचे अंतर पन्नास-साठ मीटरच. पण 'छोटी गोळी, छोटा धोका' असे कुणी समजू नये. चुकलेली गोळी दीड किलोमीटरहून पुढेही जाऊ शकते. म्हणून आमच्या रेंजवर टारगेटच्या मागे मातीचा उंच बांध असतो.

काडतुसाच्या पोटात

भरवसा म्हणजे काय हे समजायचे तर काडतूस कसे पेटते ते माहीत हवे. मोठ्या रायफलीच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध एक छोटी टोपी असते. फायरिंग पिन तिच्यावर आपटते, ठिणगी पडते आणि दारू पेटते. .२२ च्या काडतुसाला अशी टोपी नसते. पेट घेणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेत, गोल पोकळीत भरलेला असतो. पिन या कडेवर आपटून ती चेपवते. म्हणून याला 'रिमफायर' म्हणतात.

बनवायला हे स्वस्त, पण दोन गोष्टी नाजूक. मसाला कडेत सगळीकडे सारखा पसरला नसेल, तर पिन पडूनही काडतूस उडत नाही. आणि पिनचा ठोका पुरेसा जोरात बसला नाही, तरीही उडत नाही. शिवाय यात गोळी पुंगळीत मोठ्या काडतुसाइतकी घट्ट आवळलेली नसते, त्यामुळे ओलाव्यापासून जपावे लागते. थोडक्यात, .२२ मध्ये नुसती रायफल चांगली असून भागत नाही. काडतूसही चांगले, कोरडे आणि त्याच रायफलीत आधी उडवून पाहिलेले हवे.

ज्यांनी खरोखर निवड केली

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या हवाई दलाची विमाने ध्रुवाजवळून उडू लागली. वैमानिकाच्या आसनाजवळच्या छोट्या पेटीत मावेल अशी रायफल त्यांना हवी होती. १९४९ मध्ये हॅरिंग्टन अँड रिचर्डसन कंपनीची एम-४ आली. बोल्ट हाताने ओढायची, पाच गोळ्यांचे मॅगझिन, चौदा इंचांची बॅरल आणि तारेचा आत सरकणारा दस्ता. काडतूस .२२ हॉर्नेट. याची गोळी .२२ चीच, पण पुंगळी मोठी आणि टोपी मधोमध, म्हणून वेग दुपटीच्या आसपास.

१९५२ मध्ये इथाका कंपनीची एम-६ आली. तिला एकावर एक दोन नळ्या : वर .२२ हॉर्नेट, खाली 'फोर-टेन' छऱ्याची. बसलेल्या सशासाठी गोळी, उडत्या पक्ष्यासाठी छरे. मधून घडी घातली की ती पेटीत बसायची आणि दस्त्यातच ९ गोळ्या व ४ छऱ्याची काडतुसे राहायची. मला सगळ्यात आवडले ते तिचे ट्रिगर. नेहमीच्या बारीक ट्रिगरऐवजी तिला लांब पट्टी होती, जाड हातमोजे घालून दाबता येईल अशी. उणे तापमानात मोजा काढला तर बोटे कामातून जातात, हे बनवणाऱ्याने आधीच ओळखले होते.

मग १९५६ मध्ये आर्मालाइट कंपनीची एमए-१ निवडली गेली. तिचे सगळे भाग तिच्याच पोकळ दस्त्यात मावत आणि ती पाण्यावर तरंगे. पण एम-४ आणि एम-६ आधीच भरपूर असल्यामुळे हवाई दलाने ती फारशी विकत घेतली नाही. म्हणून कंपनीने युजीन स्टोनर यांच्या रचनेची तशीच रायफल सामान्य लोकांसाठी काढली. ती एआर-७. १९५९ साल, काडतूस साधे .२२ लाँग रायफल, आठ गोळ्यांचे मॅगझिन, वजन सव्वा किलोच्या आसपास. हीसुद्धा घडी करून दस्त्यात ठेवता येते आणि तरंगते.

एआर-७ अर्धस्वयंचलित आहे. एक गोळी सुटली की तिच्याच जोरावर बोल्ट मागे जाते आणि पुढची गोळी भरली जाते. यात सोय आहे, पण अट आहे. काडतूस कमी ताकदीचे असेल तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि गोळी अडकते. मॅगझिनचे ओठ थोडे वाकले तरी अडकते. म्हणून अशा रायफलीला कोणते काडतूस मानवते ते आधी शोधून ठेवावे लागते.

रशियाचे उदाहरण वेगळे आहे. १९ मार्च १९६५ रोजी 'वोस्खोद-२' हे यान ठरलेल्या जागेपासून शेकडो किलोमीटर लांब, पेर्मच्या घनदाट बर्फाळ जंगलात उतरले. आत अलेक्सेई लिओनोव आणि पावेल बेल्यायेव होते. आदल्याच दिवशी लिओनोव यांनी मानवी इतिहासातला पहिला अंतराळ-चाल केला होता. सोबत फक्त पिस्तूल होते. झाडी इतकी दाट की हेलिकॉप्टरला जवळ उतरता येईना, त्यामुळे दोन रात्री रानात काढाव्या लागल्या. शेवटी स्कीवरून माणसे पोहोचली आणि तेही स्कीवरूनच बाहेर आले. पुढे सोविएत अंतराळवीरांसाठी टीपी-८२ नावाचे तीन नळ्यांचे खास शस्त्र बनले. वर छऱ्याच्या दोन नळ्या, खाली ५.४५ मिलिमीटरची रायफलची नळी, आणि काढता येणारा दस्ता म्हणजे चक्क कोयता. १९८६ ते २००७ पर्यंत ते यानातून जात होते.

आता एक साधी बाई. मे १९५३ मध्ये कॅनडातील आल्बर्टा प्रांतात, स्लेव्ह लेकजवळ, बेला ट्विन या क्री आदिवासी महिलेसमोर प्रचंड ग्रिझली अस्वल आले. त्यांच्या हातात एका वेळी एकच गोळी भरता येणारी, स्वस्तातली कूई कंपनीची .२२ होती. त्यांनी अस्वलाच्या कानाजवळच्या पातळ हाडावर नेम धरला. अस्वल पडले, आणि मोजमापात ते त्या काळचे जगातले सर्वात मोठे ग्रिझली ठरले. यावरून '.२२ ने अस्वल मारता येते' असा धडा कुणी घेऊ नये. दहातल्या नऊ जणांचा त्यात जीव जाईल. बेला ट्विन यांचा जन्म सापळे लावण्यात आणि छोट्या शिकारीत गेला होता. आपली रायफल कुठे मारते आणि प्राण्याचे हाड कुठे पातळ असते, हे दोन्ही त्यांना माहीत होते. मला यातून एवढेच समजले की त्यांचा भरवसा रायफलीच्या किमतीत नव्हता.

प्रकार आणि त्यांचे स्वभाव

.२२ रायफली मुख्यतः चार प्रकारच्या. एका वेळी एक गोळीवाली सर्वात साधी. हलणारे भाग कमी, म्हणून बिघाड कमी, पण दुसरी गोळी सावकाश. बोल्टवाली म्हणजे आमच्या एनसीसीसारखी. प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट उघड-बंद करायचे. काडतूस कमी-जास्त ताकदीचे असले तरी तिला फरक पडत नाही, कारण काम हाताच्या जोरावर चालते. लिव्हरवाली, ट्रिगरखालची कडी खाली-वर करून भरायची. चालते छान, पण आतले भाग जास्त आणि रानात उघडून साफ करणे कठीण. चौथी अर्धस्वयंचलित. १९६४ पासून मिळणारी रुगर १०/२२ त्यात फार प्रसिद्ध आहे. तिचे दहा गोळ्यांचे मॅगझिन आतून चक्रासारखे फिरते, त्यामुळे गोळ्या नीट भरल्या जातात. तरीही घाण आणि कमजोर काडतूस यांचा त्रास अर्धस्वयंचलित रायफलीला बोल्टपेक्षा लवकर होतो.

आजोबांना मी हे सगळे वाचून दाखवले. ते म्हणाले, "बाळा, आमची थ्री-नॉट-थ्री पण बोल्टचीच. चिखलात पडली तरी झटकून चालवायचो." तेव्हा त्यांना मी सांगितले, की कॅनडाच्या उत्तरेत पहारा देणाऱ्या कॅनेडियन रेंजर्सनी १९४७ पासून पुढची कित्येक दशके तीच ली-एनफिल्ड वापरली. अलीकडे ती बदलली, ती सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून, आणि नवीही बोल्टचीच घेतली. आजोबा इतके खूष झाले की आजीला हाक मारून त्यांनी ते पुन्हा सांगायला लावले.

मला विचाराल तर निवडताना पाच प्रश्न विचारावेत :

१. काडतूस सहज मिळते का? दुर्मीळ काडतुसाची उत्तम रायफल म्हणजे लोखंडी काठी.

२. हत्याराविना, गार बोटांनी ती उघडून साफ करता येते का? छोटे स्क्रू बर्फात पडले की सापडत नाहीत.

३. लोखंडी साइट आहे का? दुर्बीण उत्तम, पण तिच्यावर बाष्प धरते आणि आपटली की नेम हलतो.

४. त्याच रायफलीतून, त्याच काडतुसाच्या निदान काहीशे गोळ्या झाडून पाहिल्या आहेत का?

५. सर्वात शेवटी वजन आणि घडी. ती लहान व्हावी म्हणून पहिल्या चार गोष्टी सोडू नयेत.

या कसोटीवर मी बोल्टची, लोखंडी साइटची, साधी .२२ निवडीन. डॉर्मिटरीत हे सांगितले तेव्हा मशीनगनवाला म्हणाला, "ये तो अपनी एनसीसीवाली हुई!" हो, तीच झाली.

माझी रायफल का चालली नाही

आता ती हकीकत. डिसेंबरची सकाळ होती, गवतावर दव गोठलेले. शिबिरासाठी टीमची निवड चालू होती. लेटून पोझिशन घेतली, २५ मीटरवर टारगेट, पाच राउंड. पहिला ठीक गेला. दुसऱ्याला ट्रिगर दाबले आणि फक्त 'टिक' झाले.

अशा वेळी काय करायचे ते आम्हांला शंभरदा शिकवले आहे. बॅरल टारगेटकडेच ठेवायची, हात वर करायचा, उस्ताद येईपर्यंत थांबायचे. कारण काही काडतुसे उशिरा पेटतात. निदान अर्धा मिनिट बोल्टला हात लावायचा नाही. मी काय केले? घाईत लगेच बोल्ट उघडू लागलो आणि त्या झटापटीत बॅरल शेजारच्या लेनकडे वळली. शेजारच्या लेनमध्ये तोच गढवाली मित्र लेटलेला होता.

उस्तादांनी एका पावलात येऊन बॅरल पुढे दाबून धरली. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "उठो। पीछे जाओ।" मी मागे गेलो. रडू येत होते आणि रागही. फायर संपल्यावर मी म्हणालो, "उस्ताद, रायफल खराब थी।"

त्यांनी ते काडतूस दाखवले. कडेवर पिनची खूण होती, पण अगदी पुसट. ठोका हलका बसला होता. मग त्यांनी बोल्ट काढून आतून पुसले. चिंदीवर काळपट, चिकट, थंडीने घट्ट झालेले तेल आले. इतके तेल की पिनला धावायला वाव नव्हता. त्यांनी कोतचे रजिस्टर मागवले. मागच्या आठवड्यात ती रायफल कुणी साफ केली होती, त्याच्यापुढे सही होती. सही माझी होती. तेल जितके जास्त तितके चांगले, असे समजून मी ओतले होते.

नंतर उस्तादांनी त्याच रायफलीतून, त्याच डब्यातल्या पाच गोळ्या झाडल्या. पाचही छिद्रे दोन रुपयांच्या नाण्याखाली झाकली गेली. ते पुढे काही बोलले नाहीत, आणि बोलायची गरजही नव्हती.

टीममधून माझे नाव कापले गेले ते तेलामुळे नाही, बॅरल वळल्यामुळे. ते योग्यच होते. रात्री मी मित्राची माफी मागितली. तो म्हणाला, "गोली चली तो नहीं न।" पण अंधारात बराच वेळ आम्ही दोघेही जागे होतो, हे मला माहीत आहे.

पुढचे चार शनिवार मी कोतमध्ये सफाईला होतो. तिथे शिकलेले लिहून ठेवतो. आधी रायफल खाली आहे का, हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे. सुकी चिंदी, मग तेलाची चिंदी, मग पुन्हा सुकी. बोल्टवर तेलाचा फक्त पातळ हात. कडाक्याच्या थंडीत तर जवळजवळ कोरडे, कारण तेल गोठते. बर्फाळ मुलखातले लोक गार रायफल एकदम उबदार तंबूत आणत नाहीत, नाहीतर तिच्यावर दव धरते आणि बाहेर नेताच त्याचा बर्फ होतो. ते ती बाहेरच, झाकून ठेवतात. नळीच्या तोंडात बर्फ किंवा माती गेली असेल तर झाडायचे नाही, कारण नळी फुगते किंवा फाटते.

रायफलीच्या आधी काय?

शेवटची एक गोष्ट, जी सिनेमात दाखवली नव्हती. रानात अडकलेल्या माणसाला पहिल्या रात्री मारते ती थंडी, नंतर तहान. भूक बऱ्याच उशिरा येते. म्हणून क्रम असा : आडोसा, आग, पाणी, खूण करायचे साधन आणि त्यानंतर रायफल. लिओनोव आणि बेल्यायेव दोन दिवसांत भुकेने मेले नसते, गारठ्याने मेले असते. आणि मांस मिळाले तरी नुसत्या सशावर माणूस जगत नाही. सशाच्या मांसात चरबी फार कमी असते. फक्त तेच खात राहिले तर पोट भरलेले असूनही माणूस आजारी पडतो. उत्तरेकडचे लोक त्याला 'सशाची उपासमार' म्हणतात.

म्हणजे डॉर्मिटरीतला आमचा प्रश्न अर्धवट होता. कोणती रायफल नेशील, याच्यासोबत हेही विचारायला हवे होते, की ती कधीपासून ओळखतोस, शेवटची साफ कधी केलीस, आणि ती चालली नाही तर तुझे हात काय करतील?

जानेवारीच्या शेवटी उस्तादांनी मला पुन्हा रेंजवर घेतले. रायफल तीच दिली. चौथ्या राउंडला पुन्हा 'टिक' झाले. या वेळी काडतूसच सदोष होते, हे नंतर कळले. पण तेव्हा ते माहीत नव्हते. मी बॅरल पुढे ठेवली, डावा हात वर केला आणि मनात आकडे मोजत पडून राहिलो. शेजारच्या लेनमध्ये माझा मित्र होता. तीस आकडे व्हायच्या आत उस्तादांचे बूट माझ्या बाजूला येऊन थांबले.

टीममध्ये मी अजून नाही. पुढची निवड जुलैत आहे.

(कॅडेट, इयत्ता दहावी)